१८४७ : वेल्सच्या शाळा, तीन बॅरिस्टर आणि निळी पुस्तकं

उत्तर वेल्समधल्या डेन्बीशर परगण्यात लँडर्नॉग नावाचं गाव आहे. १८४६-४७ च्या हिवाळ्यात तिथल्या शाळेत सरकारी तपासनीस गेला, तेव्हा एका मुलाच्या गळ्यात दोरीने अडकवलेला लाकडाचा तुकडा त्याला दिसला. त्यावर ‘वेल्श स्टिक’ असं लिहिलेलं होतं. वेल्शमध्ये बोलल्याची ती शिक्षा. तपासनिसाने पुढे टिपून ठेवलं, की या मुलापुढे दोनच वाटा होत्या : वेल्श बोलायचं, नाहीतर गप्प बसायचं. त्याला इंग्रजी येतच नव्हतं, आणि ते त्याला अर्थासकट शिकवण्याची काही सोयही शाळेत नव्हती.

ही नोंद ज्या अहवालात आहे, तोच अहवाल पुढे वेल्श भाषेच्या वाटेतला सगळ्यात मोठा धोंडा ठरला. म्हणून हे प्रकरण नीट उलगडून पाहावंसं वाटतं. चौकशी करणारे लोक दुष्ट नव्हते. त्यांनी पाहिलेलं बरंचसं खरंच होतं. तरीही निकाल चुकला, आणि त्याची किंमत दोन-तीन पिढ्यांतल्या मुलांनी मोजली.

चौकशी कोणी मागितली

मागणी इंग्लंडमधून आलेली नव्हती. १० मार्च १८४६ रोजी ब्रिटिश संसदेत हा विषय मांडणारे विल्यम विल्यम्स कॉव्हेन्ट्रीचे खासदार होते, पण जन्माने कार्मार्थनशरमधल्या लॅनपिमसेंटचे, म्हणजे अस्सल वेल्श. लंडनला जाऊन कापडाच्या व्यापारात त्यांनी पैसा केला होता. स्कॉटिश लोकांना मिळालं तसं शिक्षण वेल्श लोकांना मिळालं असतं, तर ते वेगळे म्हणून उठून दिसलेच नसते, इंग्रजांसारखेच झाले असते, असं त्यांनी सभागृहात सांगितलं. पोलीस आणि फौज पोसण्यापेक्षा शाळामास्तर स्वस्त पडतात, हाही त्यांचा एक मुद्दा होता.

फौजेची आठवण उगाच निघालेली नव्हती. नोव्हेंबर १८३९ मध्ये न्यूपोर्टला चार्टिस्ट, म्हणजे मताचा हक्क मागणाऱ्या, कामगारांचा मोर्चा आला, सैनिकांनी गोळ्या झाडल्या आणि वीसहून जास्त माणसं मेली. त्याच वर्षापासून १८४३ पर्यंत नैर्ऋत्य वेल्सचे शेतकरी रात्री बायकांचे कपडे घालून, तोंडाला काळं फासून, रस्त्यांवरचे टोलनाके फोडत होते. या दंगलींना ‘रिबेका’ असं नाव पडलं. लंडनच्या नजरेत हा सगळा मुलूख संशयाचा झाला होता. तिथली माणसं आपसात काय बोलतात हे सरकारला कळत नव्हतं, आणि न कळणाऱ्या भाषेची भीती कोणत्याही राज्यकर्त्याला वाटतेच.

चौकशीच्या आज्ञेचे शब्द पाहण्यासारखे आहेत. वेल्समधल्या शिक्षणाची स्थिती तपासायची, आणि विशेषतः कष्टकरी वर्गाला इंग्रजी शिकण्यासाठी कोणती साधनं उपलब्ध आहेत ते पाहायचं. म्हणजे शिक्षण आणि इंग्रजी या दोन गोष्टींची गाठ प्रश्नातच मारलेली होती. मुलं शहाणी होतायत का, हा प्रश्न वेगळा. मुलं इंग्रजी शिकतायत का, हा वेगळा. आज्ञापत्रात दोन्ही एकमेकांत मिसळले आणि शेवटपर्यंत सुटे झाले नाहीत.

काम कसं चाललं

शिक्षण समितीचे सचिव जेम्स के-शटलवर्थ यांनी तीन आयुक्त नेमले : राल्फ लिंगन, जेलिंजर सिमन्स आणि हेन्री व्हॉन जॉन्सन. तिघेही तरुण बॅरिस्टर, हुशार आणि कष्टाळू. तिघेही इंग्रज आणि चर्च ऑफ इंग्लंडचे, म्हणजे सरकारमान्य पंथाचे. तिघांपैकी एकालाही वेल्श येत नव्हतं. लिंगनकडे दक्षिणेतले कार्मार्थन, ग्लॅमॉर्गन आणि पेम्ब्रुक हे परगणे आले, सिमन्सकडे मध्य वेल्स आणि मॉनमथ, जॉन्सनकडे सगळा उत्तर भाग.

भाषेची अडचण सोडवण्यासाठी वेल्श जाणणारे मदतनीस घेतले गेले. त्यांतले बरेचसे लॅम्पीटरच्या सेंट डेव्हिड्स कॉलेजमधले विद्यार्थी होते, आणि ते कॉलेज होतं चर्चसाठी पाद्री तयार करणारं. वेल्सची सामान्य जनता मात्र तोवर चर्च सोडून चॅपेलांत गेलेली होती : मेथडिस्ट, बॅप्टिस्ट, इंडिपेंडंट. १८५१ च्या धार्मिक गणनेत याचे आकडे निघाले. उपासनेला जाणाऱ्यांपैकी सुमारे ८० टक्के लोक चर्चबाहेरच्या पंथांचे होते. साक्षी मात्र मोठ्या प्रमाणात चर्चच्या पाद्र्यांच्या घेतल्या गेल्या. गावातली नव्वद माणसं एका देवळात आणि दहा दुसऱ्या देवळात जात असतील, तर त्या नव्वदांच्या चालचलणुकीची चौकशी दुसऱ्या देवळाच्या पुजाऱ्याकडे करावी, तसं हे झालं. त्या पुजाऱ्याच्या मनात लोक सोडून गेल्याची सल असणार, हे कोणीही ओळखलं असतं.

ऑक्टोबर १८४६ मध्ये काम सुरू झालं आणि एप्रिल १८४७ मध्ये आटोपलं. सहा महिने, ऐन थंडीपावसाचे. या काळात ही मंडळी डोंगराळ रस्त्यांनी गावोगाव फिरली, शाळेमागून शाळा पाहिली. मेहनतीबद्दल त्यांना दोष देता येत नाही.

त्यांनी जे लिहिलं त्यातलं बरंच मन विषण्ण करणारं आहे. मातीच्या जमिनीच्या, अंधाऱ्या, ओल आलेल्या खोल्या. कुठे गोठ्याशेजारी, कुठे चर्चच्या एखाद्या कोपऱ्यात भरणारी शाळा. शौचालय नाही, पुस्तकं फाटकी. शिक्षक म्हणून बसलेला माणूस आधी सैनिक होता किंवा खलाशी, दुकानदार किंवा शेतमजूर. हातापायाने अधू झाल्यावर पोट भरायला शाळा उघडलेली. लोखंडाच्या कारखान्यांच्या गावांत मजुरीतून पैसे कापून शाळा चालवल्या जात. डाउलेसच्या कारखान्याच्या शाळेसारख्या काही चांगल्या होत्या, पण अशा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. हे चित्र खोटं होतं असं नंतरच्या टीकाकारांनीही म्हटलं नाही. वेल्सच्या गरीब मुलांची शाळा खरोखर वाईट होती.

गोंधळ झाला तो मुलांना प्रश्न विचारताना. पुष्कळ ठिकाणी परीक्षा इंग्रजीत झाली. मुलांना ती भाषा घोकलेल्या धड्यांपुरती ठाऊक. शिक्षकालाही ती जेमतेम येणारी. मुलगा गोंधळून काहीतरी बोलला, की ते उत्तर अज्ञानाच्या खात्यात जमा व्हायचं. आपल्याकडे एखाद्या खेड्यातल्या चौथीच्या मुलीला कोणी फ्रेंचमध्ये पाढे विचारले आणि ती गप्प राहिली, तर तिला गणित येत नाही असं कोणी लिहील का? वेल्समध्ये तसं लिहिलं गेलं.

आणि हे सगळं चालू असताना, त्याच गावांत दर रविवारी दुसरी एक शाळा भरत होती.

रविवारची शाळा

या प्रकरणाचा गाभा मला इथेच दिसतो, म्हणून जरा थांबतो.

वेल्शमध्ये पूर्ण बायबल १५८८ मध्येच छापलं गेलं, विल्यम मॉर्गन या पाद्र्याच्या भाषांतरातून. त्यामुळे या भाषेला चांगल्या गद्याचा एक नमुना मिळाला आणि ती टिकली. अठराव्या शतकात लॅनडाउरोरचे पाद्री ग्रिफिथ जोन्स यांनी ‘फिरत्या शाळा’ काढल्या. शिक्षक गावात येई, शेतीची कामं कमी असतील अशा दिवसांत काही महिने राही, लोकांना त्यांच्याच भाषेत वाचायला शिकवी आणि पुढच्या गावी जाई. मुलं यायची तशी मोठी माणसंही, दिवसभराच्या कामानंतर रात्री. पुढे बालाचे थॉमस चार्ल्स यांनी रविवारच्या शाळांचं जाळं विणलं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चॅपेलच्या बाकांवर आजोबा, सून आणि नातू एकाच वेळी वाचायला, अर्थ लावायला, वाद घालायला शिकत होते. पगारी शिक्षक नाही, सरकारी पैसा नाही. वेल्समधला शेतमजूर आणि खाणकामगार साक्षर झाला तो या शाळेत.

आयुक्तांनी हे पाहिलं नाही असं नाही. रविवारच्या शाळांचं त्यांनी कौतुकही केलं. धर्मशास्त्रातल्या बारीक मुद्द्यांवर साधी माणसं किती सफाईने बोलतात, याचं त्यांना आश्चर्य वाटलं. लिंगनने लिहिलं, की वेल्श ही जुन्या पद्धतीच्या शेतीची, धर्मचर्चेची आणि साध्या ग्रामीण जगण्याची भाषा आहे, आणि भोवतालचं जग मात्र सगळं इंग्रजी आहे. गाव सोडून लोखंडाच्या भट्टीवर आलेल्या वेल्श माणसाची भाषा त्याला जहाजाच्या तळाशीच कोंडून ठेवते. तो कचेरीत कारकून किंवा मुकादम म्हणून वर येतच नाही, असं त्याचं निरीक्षण होतं.

हे निरीक्षण खरं होतं. पण वेल्श मजूर कचेरीत का पोचत नाही, याचं कारण कचेरी इंग्रजीत चालते हे होतं. कचेरी मालकांची, कायदा लंडनचा, न्यायालय इंग्रजीत. ही मांडामांड माणसांनी केलेली होती. लिंगनने तिला हवामानासारखं गृहीत धरलं आणि बदलायचं ते मजुराने असं ठरवलं. ज्या भाषेत एक शेतकरी पूर्वनियोजित मुक्तीच्या सिद्धांतावर तासभर वाद घालू शकतो, त्याच भाषेत त्याला भूमिती, हिशेब आणि भूगोल शिकवता येईल का, हा साधा प्रश्न त्याच्या समोर होता. त्याने तो धोरण म्हणून पुढे नेला नाही.

याच सुमारास डाउलेसमध्ये, कारखानदाराची इंग्रज पत्नी लेडी शार्लट गेस्ट मध्ययुगीन वेल्श कथांचं इंग्रजी भाषांतर छापत होती. ‘मॅबिनोगिअन’ या नावाने तो संग्रह जगभर गेला. कामगार ज्या भाषेत बोलत त्याच भाषेतलं ते साहित्य, भट्ट्यांच्या ज्वाळा दिसतील इतक्या जवळच्या घरात बसून उतरवलेलं.

निकाल

१८४७ मध्ये तीन खंडांचा अहवाल बाहेर पडला. पृष्ठसंख्या १,२०० च्या वर. संसदेची कागदपत्रं निळ्या वेष्टनात बांधत, म्हणून ‘निळी पुस्तकं’. सिमन्सचं वाक्य सगळ्यात जास्त झोंबलं : वेल्श भाषा ही वेल्सपुढची मोठी अडचण आहे, लोकांच्या नैतिक प्रगतीला आणि व्यापारी भरभराटीला ती अनेक अंगांनी आडवी येते, तिचे दुष्परिणाम कितीही मोठे मानले तरी ते थोडेच.

‘नैतिक प्रगती’ या शब्दांखाली बरंच काही दडलं होतं. पाद्र्यांच्या साक्षींच्या आधारे अहवालात वेल्श बायकांच्या चारित्र्यावर लिहिलं गेलं. रात्रीच्या प्रार्थनासभांतून तरुण मुलं-मुली बरोबर घरी परततात, लग्नाआधी एकमेकांना रात्री भेटण्याची जुनी चाल अजून चालू आहे, शेतघरातल्या गडी-मोलकरणी एका छपराखाली झोपतात, म्हणून इथे अनीती माजली आहे, असा सूर. आणि त्याचा दोष गेला चॅपेलवर. अ‍ॅबरडेरचे व्हिकर, म्हणजे चर्चचे पाद्री, जॉन ग्रिफिथ यांनी दिलेली साक्ष तर तिथल्या कामगार बायकांच्या जिव्हारी लागली. १८४८ च्या सुरुवातीला गावात मोठी सभा भरली आणि बॅप्टिस्ट धर्मोपदेशक थॉमस प्राइस यांनी व्हिकरना जाहीर जाब विचारला.

एव्हन जोन्स हा इंडिपेंडंट पंथाचा तरुण धर्मोपदेशक आणि पत्रकार. ‘येयान ग्विनेड’ या नावाने लिहायचा. क्षयाने पोखरलेलं शरीर, तरीही त्याने या आरोपांना एकेक करून उत्तर दिलं. नुसत्या संतापावर तो थांबला नाही. सरकारच्याच जन्मनोंदणीचे आकडे काढून इंग्लंडची आणि वेल्सची अनौरस जन्मांची तुलना त्याने मांडली आणि वेल्स काही निराळं नाही हे दाखवलं. १८५० मध्ये बायकांसाठी वेल्श मासिक काढलं. १८५२ मध्ये, वयाच्या बत्तिशीच्या आत तो गेला. या सगळ्या कथेत मला सर्वांत जवळचा वाटतो तो हाच माणूस.

इतरही उठले. लेखिका जेन विल्यम्स यांनी पत्रक लिहून आयुक्तांच्या पद्धतीतल्या चुका दाखवल्या. न्यूपोर्टचे माजी महापौर सर थॉमस फिलिप्स स्वतः चर्चचे, पण त्यांनीही वेल्सच्या बाजूने लिहिलं. ह्यू ह्यूजने व्यंगचित्रं काढली. १८५४ मध्ये रॉबर्ट जोन्स डर्फेलने या विषयावर नाटक लिहून त्याला ‘निळ्या पुस्तकांचा विश्वासघात’ अशा अर्थाचं नाव दिलं. वेल्श वाचकाला त्यातला संकेत लगेच कळला. सॅक्सनांनी मेजवानीला बोलावून, बुटांत लपवलेले लांब सुरे काढून ब्रिटन, म्हणजे वेल्श लोकांच्या पूर्वज, सरदारांची कत्तल केली, या दंतकथेला तिकडे ‘लांब सुऱ्यांचा विश्वासघात’ म्हणतात. सुऱ्यांच्या जागी आता पुस्तकं आली होती. तेच नाव इतिहासात कायम झालं.

मुंबईत, त्याच वर्षी

इथे एक योगायोग सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १८४७ मध्ये मुंबईच्या बोर्ड ऑफ एज्युकेशनमध्ये नेमका हाच वाद पेटलेला होता. अध्यक्ष सर अर्स्किन पेरी इंग्रजीच्या बाजूचे. विरुद्ध बाजूला कर्नल जॉर्ज जर्व्हिस, ज्यांनी गणिताची पाठ्यपुस्तकं मराठीत आणण्यात आधीच पुष्कळ काम केलं होतं. आणि जर्व्हिस यांच्या बाजूने जगन्नाथ शंकरशेट, फ्रामजी कावसजी आणि मुहंमद इब्राहिम मकबा हे मंडळाचे तिन्ही भारतीय सभासद. नाना शंकरशेटांनी १ मे १८४७ रोजी लेखी मत नोंदवलं : इथल्या लोकांपर्यंत उपयुक्त ज्ञान पोचवायचं तर ते लोकभाषांमधूनच नीट पोचेल. इंग्रजीला त्यांचा विरोध नव्हता. इंग्रजी शिकवणाऱ्या संस्थांना त्यांनी आयुष्यभर हातभार लावला. पण सर्वसामान्यांच्या शिक्षणाचं माध्यम कोणतं, हा प्रश्न त्यांनी वेगळा काढून ठेवला. वेल्सच्या आज्ञापत्रात जी गाठ सुटली नाही, ती नानांनी बरोबर सोडवली होती.

मंडळ दुभंगलं आणि सरकारला एकतर्फी इंग्रजीचा निर्णय देता आला नाही. १८५४ च्या वुडच्या खलित्यातही, म्हणजे भारतातल्या शिक्षणाचं धोरण सांगणाऱ्या सरकारी पत्रात, सामान्य जनतेसाठी देशी भाषा आणि उच्च शिक्षणासाठी इंग्रजी अशीच विभागणी राहिली. मुंबईची स्थिती आदर्श होती असं मला म्हणायचं नाही. राज्य परक्यांचं होतं आणि मंडळातल्या जागा मूठभर श्रीमंतांच्या होत्या. तरीही ज्यांच्या भाषेचा प्रश्न, त्यांची तीन माणसं टेबलाशी बसलेली होती आणि त्यांची असहमती दप्तरी नोंदली गेली. वेल्सच्या आयोगात अशी एकही खुर्ची नव्हती. वेल्श माणसाला उत्तर द्यायची संधी मिळाली ती निकाल छापून आल्यावर.

उत्तर दिलं, पण कशाला?

वेल्सने निळ्या पुस्तकांना दिलेलं उत्तर जोरदार होतं, पण ते जवळजवळ सगळं अब्रूचं आणि चॅपेलचं उत्तर होतं. आमच्या बायका चारित्र्यवान आहेत, आमचे धर्मोपदेशक सुशिक्षित आहेत, आम्ही कायदा पाळणारे, दारू टाळणारे लोक आहोत. चॅपेलवाले राजकारणात उतरले, लिबरल पक्षाशी जोडले गेले, आणि १८६८ मध्ये मर्थर टिडफिलमधून इंडिपेंडंट पंथाचे हेन्री रिचर्ड निवडून आले. या अर्थाने अहवालाने वेल्सला जागं केलं.

भाषेबद्दलचा आरोप मात्र अनेकांनी मनातल्या मनात मान्य करून टाकला. इंग्रजी आलं नाही तर मूल मागे राहील, हे चॅपेलच्या पुढाऱ्यांनाही पटलेलं होतं. वेल्श शिक्षणासाठी जन्मभर झटलेले ह्यू ओवेन हे इंग्रजीचे कट्टर पुरस्कर्ते. राष्ट्रीय आयस्टेडफडमध्ये, म्हणजे कवी आणि गायकांच्या त्या जुन्या वेल्श संमेलनात, १८६२ पासून त्यांनी सामाजिक शास्त्रांचा विभाग चालवला, तो इंग्रजीत. १८७२ मध्ये अ‍ॅबरिस्टविथला कॉलेज उघडलं. खाणकामगार आणि शेतकऱ्यांनी पै-पै जमवून ते जगवलं, पण शिकवण्याची भाषा इंग्रजीच. अपमानाला विरोध करता करता अपमान करणाऱ्याचं माप हातात घेतलं गेलं. मला या सगळ्या प्रकरणातलं हे सर्वांत दुःखाचं वळण वाटतं. आणि त्यासाठी त्या लोकांना दोष देण्याची माझी तयारी नाही. मुलाच्या पोटाचा प्रश्न समोर असलेला बाप भाषेच्या भवितव्याचा विचार करील, अशी अपेक्षा कोणी ठेवायची?

लँडर्नॉगच्या मुलाच्या गळ्यातली ती लाकडी पट्टी अहवालाने सुरू केलेली नव्हती, आणि सरकारने कधी तिचा हुकूम काढला नाही. ती आधीपासून होती, स्थानिक शिक्षकांनी चालवलेली, पुष्कळदा आईबापांच्या संमतीने. तपासनिसाने तर तिला नावंच ठेवली होती. पण पुढे ती टिकली आणि पसरली, त्यामागे पैशांचा हिशेब होता. लिंगन १८४९ मध्ये शिक्षण खात्याचा सचिव झाला आणि वीस वर्षं त्या खुर्चीवर राहिला. त्याच्याच कारकिर्दीत, १८६२ मध्ये, मंत्री रॉबर्ट लो यांनी नवी अनुदान संहिता आणली. मुलाची हजेरी आणि वाचन, लेखन, अंकगणित या तीन विषयांतली परीक्षा यांवर शाळेला अनुदान; दर मुलामागे प्रत्येक विषयाला २ शिलिंग ८ पेन्स. मूल नापास झालं की तेवढी रक्कम कापली जाई. वेल्श वाचता येण्याला एक पेनीही नव्हती. शिक्षकाचा पगार त्या अनुदानावर. मग वर्गात वेल्श बोलायला कोण परवानगी देणार? बंदीचा कायदा न करताच बंदी झाली.

ती सैल व्हायला १८८५ उजाडलं. शाळांचे निरीक्षक डॅन आयझॅक डेव्हिस यांच्या पुढाकाराने वेल्शचा शिक्षणात उपयोग करण्यासाठी संस्था निघाली. त्यांचा युक्तिवाद व्यवहारी होता : इंग्रजी चांगलं यायचं असेल तर वेल्शमधून शिकवा. १८८८ पर्यंत शाही आयोगाने तो बऱ्याच अंशी मान्य केला आणि त्यानंतर संहितेत वेल्शला जागा मिळू लागली. १८९१ मध्ये खानेसुमारीत पहिल्यांदाच भाषा विचारली गेली, तेव्हा वेल्समधले निम्म्याहून थोडे जास्त लोक वेल्श बोलत होते. दहा वर्षांनी हे प्रमाण साधारण निम्म्यावर आलं.

१८५८ मध्ये बालाजवळच्या लॅन्युखलिन गावी एका शेतकऱ्याच्या घरी ओवेन एडवर्ड्सचा जन्म झाला. गावच्या शाळेत त्याच्याही गळ्यात ती पट्टी पडली, पुन्हा पुन्हा पडली. नियम असा, की दुसरं कोणी वेल्श बोलताना सापडलं तर पट्टी त्याच्या गळ्यात घालून आपण सुटायचं. आपण ती दुसऱ्याच्या गळ्यात टाकून सुटायचा प्रयत्न कधी केला नाही, असं त्याने मोठेपणी लिहून ठेवलं. पुढे तो ऑक्सफर्डला इतिहास शिकवू लागला, वेल्शमध्ये मुलांसाठी मासिक काढलं. १९०७ मध्ये सरकारने शिक्षण खात्याचा स्वतंत्र वेल्श विभाग केला आणि वेल्सच्या शाळांचे पहिले मुख्य निरीक्षक म्हणून ओ. एम. एडवर्ड्स यांना नेमलं. साठ वर्षांपूर्वी लिंगन, सिमन्स आणि जॉन्सन ज्या रस्त्यांनी फिरले होते त्याच रस्त्यांनी ते गावोगाव जाऊ लागले, आणि वर्गात शिरल्यावर मुलांशी वेल्शमध्ये बोलू लागले.